वीस किलोची हौस

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने आपली हौस बांबूला टांगून आसूदच्या पाखाडीवरून नेलेली नसणार. मोलाचं सोडा, हौसेला वजन असतं. माझ्या हौसेचं वीस किलो भरलं, बांबू वेगळा.

आम्हा लोकांना इंग्रजीत हॅम म्हणतात आणि मराठीत हौशी रेडिओवाले. म्हणजे हौशी नाटकवाल्यांसारखेच, फक्त आम्हाला प्रेक्षक दिसत नाहीत. दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारी कॉलसाइन घ्यायची आणि मग टॉवर नाही, रिचार्ज नाही, थेट आभाळातून बोलायचं. काय बोलायचं, ते पुढे येईलच.

हे वेड मला लागलं ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी आमच्या दापोलीत निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या, विजेचे खांब रस्त्यावर झोपले आणि मोबाइलने मान टाकली. आम्ही धडधाकट आहोत हे पुण्यातल्या मुलीला कळायला तीन दिवस गेले, तेही खेडला निघालेल्या एका दूधवाल्याच्या कृपेने. पुढे वाचनात आलं की २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद नावाच्या बाई हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या आणि अंदमानचे फोन बंद पडल्यावर त्यांच्या सेटवरून लोकांचे निरोप गेले. म्हटलं, ठरलं. दापोलीतही असा एक माणूस हवा.

सेट घेतला हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या 'मायक्रो बिटेक्स'चा. सर्किटचा बोर्ड मिळाला, डबा आपण करायचा होता. मी बिस्किटांचा केला. शक्ती साधारण दहा वॉट, म्हणजे न्हाणीघरातल्या दिव्याएवढी. आता फक्त बॅटरी हवी होती. नेमका शेजारी एक टेम्पो मोडीत निघत होता. त्यातली बारा व्होल्टची, ऐंशी अँपिअर-अवरची बॅटरी मला जवळजवळ फुकट मिळाली. कोकणात फुकट मिळालेल्या वस्तूचं वजन करायची पद्धत नाही.

पहिला प्रयोग आसूदला केशवराजाच्या देवळाच्या वाटेवर करायचा, कारण उंच झाडं. ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आधी नारळी-पोफळींतून खाली उतरायचं, साकव ओलांडायचा आणि उतरलो तेवढंच पुन्हा चढायचं. बॅटरी गोणपाटात बांधली, बांबूला टांगली, पुढे पुतण्या आणि मागे मी. वाटेत एक आजोबा सुपारी सोलत बसले होते. त्यांनी गोणपाटाकडे पाहून हात जोडले. "कसला नवस फेडताय?" मी म्हटलं, "बॅटरी आहे." त्यांनी जोडलेले हात सोडले आणि सुपारी पुन्हा उचलली.

वर पोचून तार बांधली, सेट जोडला, सेटातून खरखर आली, आनंद झाला. मग कळलं की माइक घरी टेबलावर राहिलाय. वीस किलो नेलं आणि शंभर ग्रॅम विसरलं. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "हो, आहे ना इथे. बोलू का त्याच्यात?"

घरी आल्यावर पँट धुवायला टाकली तर गुडघ्याखाली चाळण होऊन आली. चढणीवर बॅटरी कलली होती आणि आतलं ॲसिड थेंब थेंब प्रसाद देत होतं. पुतण्याची पँट शाबूत, कारण तो पुढे होता. तरुण पिढी नेहमी पुढे का असते ते मला त्या दिवशी समजलं.

मग मी तो हिशेब केला जो आधी करायचा असतो. माझा सेट नुसता ऐकत असला तर पाव-अर्धा अँपिअर खातो, बोलताना दोन-अडीच. तीन तासांची बैठक धरली आणि त्यातला तासभर मीच बोललो असं मानलं (बायकोच्या मते हा आकडा कमी आहे), तरी सगळे मिळून साडेतीन अँपिअर-अवर पुरतात. मी नेले होते ऐंशी. एका माणसाच्या भातासाठी गावजेवणाचा टोप डोक्यावर घेऊन फिरायचं, त्यातली गत.

त्यानंतर अडीच किलोची छोटी शिशाची बॅटरी आणली, यूपीएसमध्ये असते ती. तिच्यावर सात अँपिअर-अवर लिहिलेलं असतं. पण हे सात वीस तास चाखत चाखत घेतले तरच. जरा घाईने घेतले की कमी मिळतात, आणि अर्ध्याखाली वारंवार गेलात तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे सरकारी अनुदानासारखं, कागदावर सात, हातात साडेतीन. माझा हिशेब कसाबसा बसत होता, पण तिसऱ्या तासाला व्होल्टेज इतकं उतरायचं की समोरच्याला माझा आवाज गाळातून बोलल्यासारखा यायचा.

मधल्या काळात लोभ झाला. अंगठ्यापेक्षा जरा मोठे लिथियमचे गोल सेल असतात ना, लॅपटॉपमधले, त्यांचा एक स्वस्त संच मागवला. प्रत्येक सेलवर छापलेलं ९९०० मिलिअँपिअर-अवर. त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलात साडेतीन हजारांच्या आसपास मावतं, हे मी नंतर वाचलं. शंका आली म्हणून एक सेल बाजारात सोनाराच्या काट्यावर ठेवला. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो. माझा एकोणतीस. सोनाराने तो बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाला, "घडणावळ चांगली आहे. माल नाही."

शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेटवर आलो. आधीच यायला हवं होतं, पण मग लिहायला काय उरलं असतं? ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने जोडले की १२.८, सेटला हवे तेवढेच. सहा अँपिअर-अवरची बॅटरी जेमतेम पाऊण किलो. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा ही डोक्याने थंड. आत एक राखणदार सर्किट असतं, ते अती चार्ज होऊ देत नाही आणि अती उपसू देत नाही. मात्र चार्जर तिचा तिलाच हवा, टेम्पोवाल्याचा चालत नाही. आणि एक स्वभाव लक्षात ठेवायचा. शिशाची बॅटरी हळूहळू कण्हत जाते. ही आमच्या जुन्या काकांसारखी, शेवटपर्यंत "बरं आहे, बरं आहे" म्हणते आणि एकदम उठून जाते. म्हणून किती वापरली हे वहीत लिहायचं. व्होल्टमीटर बघून काही कळत नाही.

वजनाचा प्रश्न सुटला तर तारेचा आला. मी बोलतो त्या सात मेगाहर्ट्झला वीस मीटर तार लागते आणि ती उंच टांगावी लागते. तारेला गळाचं शिसं बांधून मी ते गलोलीने एका कलमावर भिरकावलं. महिना एप्रिल, कलम हापूसचं, बाग दुसऱ्याची. पुढचं सांगत नाही. बागेतला गुरखा आला, मागून मालक आले आणि म्हणाले, "विद्यापीठाने आंबे काढायची नवी पद्धत काढली वाटतं?"

त्या टोमण्यातच उत्तर होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबा देठासकट उतरवण्यासाठी नूतन झेला काढला, तो आमच्या पडवीत उभाच होता. जाळी काढली, काठीच्या टोकाला तारेचा मध्य बांधला, दोन्ही टोकं खाली ताणली. विद्यापीठाला हा उपयोग ठाऊक नसावा.

एका रविवारी सकाळी हर्णैच्या वरच्या सड्यावर बसलो. समोर सुवर्णदुर्ग, खाली बंदरातल्या होड्या, पाठीवरच्या पिशवीत सगळा संसार मिळून तीन किलो. माइक होता. मी तीनदा तपासला होता. हाक दिली, पुन्हा दिली आणि पाचव्यांदा बंगळूरहून एका गृहस्थांनी ओ दिली. सातशे किलोमीटर, दहा वॉट, मध्ये काहीही नाही. अंगावर काटा आला. त्यांनी माझा आवाज स्वच्छ येतोय म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, "बॅटरी कोणती वापरता?"

पुढची पंचवीस मिनिटं आम्ही त्याच्यावरच बोललो. त्यांच्याकडेही एक टेम्पोची होती.

माझी सध्या परसात लाकडांवरच्या ताडपत्रीवर ठेवली आहे. आगोट जवळ आली, वारा सुटला की ताडपत्री हलत नाही, एवढा तिचा उपयोग. कोणाला हवी असेल तर फुकट देईन, पण एकट्याने येऊ नका. दोघं या. बांबू आम्ही देऊ.