तिकिटावरच्या ‘१ तास २५ मिनिटां’स अनावृत पत्र

श्री. रा. रा. ‘१ तास २५ मिनिटे’ यांस,
मुक्काम : मुंबई–नागपूर विमानाचं तिकीट, उजवा कोपरा

सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आपल्या भरवशावर मी माहेरी निघाले. मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगानं तासाभराच्या आतलं काम. त्यावर आपण अर्धा तास सढळ हातानं घातलेला. मापात इतकं झुकतं देणारा वाणी आमच्या डोंबिवलीत तरी नाही.

विमान अडीचचं. मी घरून साडेदहाला निघाले. नागपूर पूर्वेला, म्हणून आधी दोन तास पश्चिमेला गेले. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, नागपूरला आठ तासांत पोचवतो म्हणतात तो, आमच्या अलीकडे भिवंडीजवळ आमण्याला येऊन थांबतो. त्याच्याकडे पाठ करून गेले. तपासणीची रांग आणि सोन्याच्या भावाचा वडापाव यांबद्दल तक्रार नाही.

२ वाजून २८ मिनिटांनी विमान जागेवरून मागे सरकलं, थोडं चाललं आणि थांबलं. जागा सोडली की विमान ‘निघालं’, हा आपल्या दुनियेचा हिशेब. बाबांच्या फोनवर लगेच निरोप : विमान वेळेवर निघालं. अहो, निघालं कुठे? शेजाऱ्याच्या खांद्यावरून मला पत्र्यांवरच्या त्याच निळ्या ताडपत्र्या दिसत होत्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं आणि तासाला चाळीसहून जास्त विमानं तिच्यावर चढतात-उतरतात. “आणखी दहा मिनिटं,” वैमानिक म्हणाले. सात वेळा म्हणाले. माझा फोन बंद.

तिकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा पावणेचारलाच सोनेगाव विमानतळाच्या दाराबाहेर हजर. डोक्याला दुपट्टा, हातात माठातल्या पाण्याची बाटली. नागपूरचा मे म्हणजे काय, ते आपण कधी उन्हात उभं राहून पाहिलंय? सव्वा तास उभे होते ते. सव्वा तास! का, तर तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून. लाज नाही वाटली रे तुला?

मी बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “वेळेवर निघालं म्हणे ना वं विमान?” बाटलीतलं पाणी चहाइतकं तापलं होतं. मी ते सगळं प्याले.

पावणेसहाला घरी टेकले. रात्री मात्र तुझीच कीव आली. उशिरा पोचलेलं विमानही वेळेवर पोचलेलं दिसावं, म्हणून कंपन्या तुला फुगवत नेतात, आणि शिव्या खातोस तू. तू तरी काय करणार? इथल्या थांब्यापासून तिथल्या थांब्यापर्यंत, एवढंच तुला पढवलेलं. माझ्या दारापासून बाबांच्या दारापर्यंतचे सव्वासात तास तुला कुणी सांगितलेच नाहीत.

तेव्हा राग मानू नकोस, पण पुढच्या खेपेला बाबांना तुझं नाव सांगणार नाही. विदर्भ एक्स्प्रेसनं जायचे तेव्हा पत्रात ‘सकाळी येते’ एवढंच लिहायचे. आता फोनवर सांगेन, ‘दिवेलागणीला येते. घरीच थांबा.’

आपली,
आसन १७ ब, मधलं