दोन शून्यांचे काका

टिळकनगरात सकाळी सात वाजता कोणी अडवून "आज युरो काय म्हणतोय?" असं विचारलं, तर दचकू नका. ते आमचे गुणाकारकाका. चौतीस वर्षं डोंबिवली फास्ट पकडून हा माणूस फोर्टातल्या बँकेत गेला. तेव्हा त्यांना एकच चिंता असे, ती म्हणजे लोकल वेळेवर आहे का. मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला लागला आणि चिंता युरोपात गेली.

मुलाला महिना पाच हजार युरो. युरो शंभरीच्या आसपास आल्यापासून काकांना कागद-पेनही लागत नाही. दोन शून्यं लावली की झाले पाच लाख. फडके रोडवरच्या गजरेवालीलाही हा आकडा पाठ आहे. हातात किती पडतात, ते मात्र विचारायचं नाही. पडतात एकतीस-बत्तीसशे. उरलेले प्राप्तिकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा असे वाटेतच उतरून जातात, ठाण्याला थोडे, कुर्ल्याला थोडे.

काकांचा नियम साधा आहे. पगार रुपयांत सांगायचा, खर्च युरोत. "पाच लाख पगार, आणि भाडं फक्त अकराशे!" ऐकणाऱ्याला वाटतं, अकराशेत तर आपल्याकडे गाडी लावायलाही जागा मिळत नाही. काकू हाच हिशेब उलट्या बाजूने करतात. त्या फक्त खर्चाला शून्यं लावतात. "केस कापायला तीन हजार? मेल्याने डोक्यावर काय फ्लॅट बांधला?" गेल्या वेळी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या जोडीला त्यांनी मुलाच्या बॅगेत कात्री घातली.

कर या विषयावर काकांचं मतपरिवर्तन झालंय. नोकरीत असताना पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जायचा आणि फेब्रुवारीत तीनशे. त्या जादा शंभरावरून ते होळीपर्यंत धुमसत. आता तेच छाती काढून सांगतात, "आमचा पोरगा नुसता टॅक्स किती भरतो माहितीये?" रेडिओ-टीव्हीसाठी तिथे प्रत्येक घराला महिना 18.36 युरो भरावे लागतात, घरात टीव्ही असो वा नसो, याचंही त्यांना कौतुक. "आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स होतं. पोस्टात जाऊन भरायचो. शिस्त होती!" स्वतःची घरपट्टी मात्र महापालिकेची अभय योजना जाहीर होईपर्यंत भरत नाहीत.

मुलाचं लग्न जमवतानाही कर आडवा आला. नौपाड्यातली मंडळी बघायला आली होती. काका म्हणाले, "सध्या तो पहिल्या वर्गात आहे."

मुलीचे वडील चमकले. "अहो, इंजिनिअर आहे ना?"

"टॅक्सचा वर्ग हो! एकटा माणूस पहिल्यात. लग्न झालं आणि बायको घरी असली की तिसऱ्यात जातो, हातात जास्त पडतात."

"आमची मुलगी नोकरी करणार."

"मग पगार सारखे असतील तर दोघंही चौथ्यात."

"आणि दुसरा वर्ग कुणाचा?"

"एकट्याने मूल वाढवणाऱ्यांचा," काका सहज बोलून गेले. काकूंच्या हातातली पोह्यांची बशी जागच्या जागी थांबली. ते स्थळ पुढे सरकलं नाही.

तीन महिन्यांच्या व्हिसावर काका एकदा स्टुटगार्टला जाऊन आले. तिथे प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की 25 सेंट मिळतात. काकांनी लगेच दोन शून्यं लावून पैशांत मोजलं. बाटलीमागे पंचवीस रुपये! दुसऱ्या दिवसापासून ते पिशवी घेऊन बागेत फिरायला जाऊ लागले. मुलगा कळवळून म्हणाला, "बाबा, इथे हे गरीब लोक करतात." काका म्हणाले, "मग आपण कोण आहोत? महिन्याचे अठराशे युरो कापून घेतात तुझे. त्यातले मी सुटे परत आणतोय."

रविवारी गणेश मंदिराजवळ तिघांची बैठक बसते. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे काकांचे मावसभाऊ दुबईवाले. ते म्हणतात, "आमच्याकडे पगारावर कर शून्य!" 2018 पासून तिथे 5 टक्के व्हॅट लागतो आणि नातवाच्या शाळेची फी ऐकून आजोबांना घाम फुटतो, हे ते सांगत नाहीत. कल्याणच्या खडकपाड्याचे स्नेही न्यू जर्सीवाले. लेकीच्या घराचे फोटो ते सगळ्यांना दाखवतात, त्या घराचा वर्षाचा मालमत्ता कर कुणाला सांगत नाहीत. तिघेही एकमेकांचा पगार पाठ म्हणतात. खर्च मात्र तिघांनीही एकमेकांना अजून विचारलेला नाही. मैत्री टिकली आहे ती त्यामुळेच.

डिसेंबरात मुलगा आला. स्टेशनवरून घरी येताना त्याने भाड्याला शंभराने भागलं आणि म्हणाला, "बाबा, रिक्षा किती स्वस्त! एक युरोसुद्धा नाही!" काकांनी त्याचा दंड दाबला. "हळू बोल. रिक्षावाल्याला गुणाकार येतो."

कधी फडके रोडला आलात तर काका भेटतीलच. मुलाचा पगार विचारलात, तर चहा ते पाजतील. खर्च विचारलात, तर चहाचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. रुपयांत.