म्हशीला मनाई, सुनेला कॅप्सूल

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या भालकी-औरादकडं म्हैस व्यायला झाली की घरचा कर्ता माणूस रात्रभर गोठ्यात बसतो. रेडकाच्या मायेपोटी नव्हे, म्हशीवर पहारा म्हणून. वार पडली आणि तिनं ती खाल्ली तर दूध आटतं, हा आमच्याकडचा पक्का समज. म्हणून वार पडताच ओढून घ्यायची, पोत्यात गुंडाळायची आणि चिकाच्या झाडाला, शक्यतो वडाला, टांगायची. झाडाला चीक तसं म्हशीला दूध, असा हिशेब.

याच मुलखातली आमची भाचेसून टेक्सासला बाळंत झाली आणि वार दवाखान्यातून घरी घेऊन आली. वाफवून, वाळवून, दळून तिच्या कॅप्सूल करून दिल्या एका बाईनं. कशासाठी? दूध यावं, लोह वाढावं, मन प्रसन्न राहावं. मजुरी काहीशे डॉलर. आमची अक्का फोनवर एवढंच म्हणाली, "माय, म्हशीला जे खाऊ देत नाहीत, ते तू पैसे मोजून खायलीस?"

म्हशीचं खरंखोटं पशुवैद्य बघतील. पण बाईमाणसाच्या बाबतीत विज्ञान नेमकं अक्काच्या अंगणात जाऊन बसलंय. वार पोटात असते तोवर तिच्यातलं प्रोजेस्टेरॉन दूध अडवून धरतं. वार पडली की ते उतरतं आणि दूध येतं. म्हणजे दुधाला अडवणारीलाच दुधासाठी गिळायचं! लोहाचीही चाचणी लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठात झाली, फरक दिसला नाही. त्याच अभ्यासकांनी २०१० साली १७९ समाजांच्या नोंदी चाळल्या; आईनं वार खायची ठाम परंपरा एकाही समाजात सापडली नाही. 'प्राचीन ज्ञान' म्हणून विकायला मात्र तेवढी अडचण पुरत नाही. २०१६ मध्ये ऑरेगनात एका तान्ह्याला पुन्हा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा तोच जंतू आईच्या कॅप्सूलमध्ये निघाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं पुढच्या वर्षी सांगून टाकलं, हे टाळा.

इकडं सरकारी दवाखान्यात वार मागून बघा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणं ती पिवळ्या पिशवीत जाते, तिथून भट्टीत. भट्टीची सोय नसलेल्या खेड्यात दोन मीटर खोल खड्डा, वर चुना, वर माती. आमची सुईण परसात खड्डा काढून वर धोंडा ठेवायची, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. चुन्याचं कलम तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

अवघड बाळंतपण आमच्याकडून उदगीर, लातूर नाहीतर सोलापूरला धाडतात. पोर कर्नाटकाचं, वार महाराष्ट्राच्या पिवळ्या पिशवीत. त्यात सीमेवरच्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा, खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. उद्या नाळ कुठं पुरली याचा पुरावा मागितला, तर निम्मी भालकी लातूरकर निघायची आणि वकिलांची पुन्हा वीस वर्षांची सोय व्हायची.

अक्कानं मात्र कॅप्सूलवर पुढं काही न बोलता हळिवाचे लाडू केले, डब्याला चिकटपट्टी लावली आणि टेक्सासला धाडले. आठवड्यानं सुनेचा फोन आला.

"आत्याबाई, लाडू पोचले. पण डब्यावर काहीच लिहिलेलं नाही हो. हे सर्टिफाइड आहेत ना?"