कोजागिरीला ऐरोलीत घर शोधण्याची रीत

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की लोक तिकीट काढून मक्याच्या शेतात शिरतात आणि हरवतात. डोक्याहून उंच मक्यातून वाटा कापून केलेला आजच्या धर्तीचा पहिला भुलभुलैया डॉन फ्रान्झ यांनी १९९३ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल या गावी उभा केला. न्यू जर्सीतले आपले भाचे-पुतणेही असल्या शेतांत जातात आणि भोपळ्यांच्या ढिगाशेजारी काढलेले फोटो पाठवतात. ज्यांना व्हिसाच्या रांगेत उभे राहायचे नाही, त्यांनी कोजागिरीच्या संध्याकाळी ऐरोलीतल्या नातेवाइकांकडे दूध प्यायला जावे. तिकीट नाही, मका नाही, आणि हरवण्याची खात्री तिकडच्यापेक्षा जास्त.

हे काम एकट्याने करू नये. एकटा माणूस चुकला तर नुसता चुकतो. दोघे असले की कोणामुळे चुकलो हे ठरवता येते. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने फोन धरावा आणि दोघांनी एकमेकांच्या कामात लक्ष घालावे. मागच्या सीटवर सासूबाई असतील तर पथक पूर्ण झाले. त्या पूर्वी एकदा बारशाला येऊन गेलेल्या असतात आणि कोपऱ्यावर पिवळी बिल्डिंग होती, एवढे त्यांना पक्के आठवत असते. सोसायट्या दर काही वर्षांनी रंग बदलतात, त्यामुळे पिवळी बिल्डिंग खूण म्हणून धरू नये. मात्र हे सासूबाईंना सांगूही नये. ‘पिवळी दिसली की सांगा हं, आई,’ एवढेच म्हणावे. त्याने बराच वेळ शांतता मिळते.

चुकण्याची सुरुवात ऐरोली येण्याआधीच करता येते. रेल्वेने येणाऱ्याला यजमान वर्षानुवर्षे सांगत आले, ‘ठाण्याहून पहिलंच स्टेशन.’ जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या दरम्यान दिघा गाव स्टेशन उघडले. यजमानांच्या तोंडचे वाक्य तेच राहिले. आज्ञाधारक पाहुणा दिघ्याला उतरतो. दुसरा सापळा दिव्याचा. ऐरोलीला लागून खाडीकाठी दिवा गाव आहे, आणि मध्य रेल्वेवर ठाण्यापुढे दिवा जंक्शन आहे. ‘दिव्यातच राहतो आम्ही’ हे ऐकून कोणी दुसऱ्या दिव्याला गेला, तर त्याच्यासाठी दूध झाकून ठेवावे. तो येईल, पण कोजागिरीलाच येईल असे नाही.

मोटारवाल्यांना मुलुंडकडून ऐरोलीच्या पुलावर येताना टोलनाका लागतो. थांबावे लागत असे तेव्हा पैसे देता देता रस्ता विचारता यायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन कोजागिरीच्या तोंडावर, हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि एखाद्या अधिकृत माणसाला रस्ता विचारण्याची शेवटची सोय गेली.

आता प्रत्यक्ष सेक्टरांकडे वळू. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि मुंबईचा गुंता पुन्हा होऊ नये म्हणून नोड, सेक्टर, प्लॉट अशी नीट आखणी झाली. आखणीत दोष नाही. सेक्टर ८ वेगळा आणि ८-ए वेगळा हे गाडी लावून झाल्यावर कळते, हा पाहुण्याच्या अभ्यासातला दोष आहे. पत्त्यात प्लॉट, सेक्टर, इमारत, मजला, घर आणि शेवटी ४००७०८ इतके आकडे असूनही माणूस सापडत नाही, कारण राहणारे लोक हे आकडे फक्त वीजबिलासाठी वापरतात. सांगताना ते दत्ता मेघे कॉलेजच्या अलीकडे, आंबेडकर स्मारकाच्या पलीकडे, असे सांगतात. अलीकडे म्हणजे सांगणाऱ्याच्या घराकडून अलीकडे.

भुलभुलैयातून सुटण्याची एक जुनी युक्ती आहे. उजवा हात भिंतीला लावावा आणि तो न उचलता चालत राहावे. भिंती एकमेकींना जोडलेल्या असतील तर माणूस दाराशी पोहोचतोच. ऐरोलीत ही युक्ती करू नये. इथे प्रत्येक सोसायटीचे कुंपण सुटे आहे. उजवा हात लावून निघालेला पाहुणा त्याच सोसायटीला प्रदक्षिणा घालून त्याच पाणीपुरीवाल्यापाशी परत येतो. दुसऱ्या फेरीला पाणीपुरीवाला ओळखीचे हसतो. तिसऱ्या फेरीला खाऊन घ्यावे.

शिवाय गेटचा प्रश्न. सोसायटीला दोन गेट असतात, एक पुढचे आणि एक बंद. तुम्ही ज्या बाजूला असता तिकडचे बंद. ते का बंद केले याची नोंद कुठल्याशा सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात असते, आणि कुलपाची किल्ली ज्या सेक्रेटरींकडे होती ते आता पुण्याला मुलाकडे राहतात. फोनमधल्या बाईला यातले काही माहीत नसते. ती तुम्हाला नेमकी या गेटपाशी आणते, गंतव्यस्थानी पोहोचल्याचे जाहीर करते आणि गप्प होते. भिंतीपलीकडून जायफळाचा वास येत असतो, गच्चीवर अंताक्षरी रंगात आलेली असते, त्यात आत्याचा आवाजही ओळखू येतो. अशा वेळी खालून हाका मारण्याचा मोह होतो. मारू नयेत. त्यापेक्षा फोन करावा, निष्पत्ती तीच असली तरी.

‘आत्या, आम्ही मेडिकलसमोर उभे आहोत.’

‘कुठल्या मेडिकलसमोर?’

‘हिरवी पाटी आहे.’

‘अरे, सगळ्यांची हिरवीच असते. समोर काय दिसतंय?’

‘मेडिकल.’

इथे फोन बायकोकडे द्यावा.

‘अहो, डावीकडे वळा म्हणतायत.’

‘त्यांच्या डावीकडे की आपल्या?’

‘तुम्ही वळा हो आधी.’

यापेक्षा खात्रीची रीत एकोणिसाव्या शतकात त्रेमो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने काढून ठेवली आहे. गेलेल्या प्रत्येक वाटेवर खूण करावी आणि दोनदा खूण झालेल्या वाटेने पुन्हा जाऊ नये. खडू बरोबर घ्यायला नको, गल्लीतले कुत्रे आहेत. कुत्रे भुंकले तर वाट नवी. नुसती मान वर केली तर इथून आपण एकदा गेलो आहोत. शेपूट हलवली की ती वाट सोडावी.

दिशेपुरते सर्वांत भरवशाचे साधन मात्र आकाशात आहे, आणि ते वर्षातून मोजक्याच संध्याकाळी इतके नीट चालते. पौर्णिमेला सूर्य खाडीपलीकडे मुलुंडच्या बाजूला बुडतो त्याच सुमारास चंद्र पारसिकच्या डोंगरामागून वर येतो. म्हणजे चंद्र तिकडे ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी आणि रेल्वे. चंद्राला पाठ केली की समोर खारफुटी आणि खाडी. अशा वेळी उजव्या हाताला ठाणे, डाव्या हाताला रबाळे. एवढ्याने सेक्टर सापडत नाही, पण घणसोलीला जाणे टळते. इमारती आड आल्या तर थोडे थांबावे, चंद्र वर येईल. फार मात्र थांबू नये. मध्यरात्री तो डोक्यावर येतो, तेव्हा दिशा कळत नाही आणि दूधही संपलेले असते. त्याच वेळी लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत घरोघर फिरते असे म्हणतात. ८-ए ती कुणाला विचारून शोधते, ते कळले तर ही मार्गदर्शिका लिहावी लागली नसती.

या सगळ्यात वाट चुकून गाडी ऐरोली गावात शिरली तर घाबरू नये, उलट सुटलात. इथली आखणी कोणी केलेली नाही, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचे. पण गावात हरवताच येत नाही. ओट्यावरची आजी ‘कोनाकरं?’ म्हणून विचारते. सेक्टर सांगू नये, सोसायटीचे नाव सांगावे. आजी म्हणते, ‘आमचे शेतान हाय ती बिल्डिंग.’ सिडकोने जमीन घेतली तेव्हा तिथे भात होता, आणि बांध कुठून कुठे जात होता हे आजीला अजून पाठ आहे. कॉलेज, स्मारक, मेडिकल यांतले काहीही न वापरता ती रस्ता सांगते आणि वर नातवाला सायकलवर पुढे पाठवते. नातवाच्या मागे जावे. त्याला पैसे देऊ नयेत, रागावतो, चॉकलेट चालते.

गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, गाडीचा नंबर आणि वेळ लिहावी. वेळ खरी लिहू नये, आत्या दुसऱ्या दिवशी वाचते. गच्चीवर गेल्यावर ‘सापडलं ना पटकन?’ असे विचारले जाईल. ‘हो, लगेच,’ हे उत्तर दोघांनी एकदम द्यावे.

‘कुठल्या गेटने आलात?’

‘पुढच्या.’

‘अरे देवा! मागच्या गेटचं कुलूप आजच तोडून घेतलं मुद्दाम, तुमच्यासाठी. नुसतं ढकलायचं होतंत.’

यावर एकमेकांकडे न पाहता चालकाने पेला पुढे करावा आणि दूध फारच छान झाले आहे असे म्हणावे.