वंदनाचा हप्ता

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचे दीपगृह दिसावे तितक्या स्पष्टपणे येथील गर्भवतीस सरकारची माया दिसते. मात्र तेथवर पोहोचण्यास होडी लागते, आणि ती कागदाची असते. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेने ग्रामीण दरिद्री मातेच्या रुग्णालयातील प्रसूतीची किंमत महाराष्ट्रात ७०० रुपये केली; पुढे २०१७ सालच्या मातृवंदना योजनेने पहिलटकरणीस ५,००० रुपयांचे वंदन मंजूर केले, तेही हप्त्याहप्त्याने, कारण एकरकमी नमस्कार खजिन्याच्या कमरेस झेपत नसावा! वंदन स्वीकारण्यापूर्वी देवतेने आपली ओळख पटवावयाची, हा या पूजेचा विधी. आधारपत्रावर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे; आणि वर्षानुवर्षे मासळी कापून, मीठ चोळून गुळगुळीत झालेला अंगठा यंत्रावर तीनदा टेकवूनही यंत्र म्हणते, ही बाई ती नव्हेच. आशाताई बिचारी पदरमोड करून पुन्हा झेरॉक्स काढते. बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळणीस मी सहज विचारले, पैसे मिळाले का? ती हात न थांबवता म्हणाली, "पोऱ्या चालाला लागला, पन पैसं अजून रांगतान!"