संघ एक, चुली चार

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ब्रिटनने पुरुषांचा फुटबॉल संघ उभा केला. नाव ग्रेट ब्रिटन. १८ जणांत १३ इंग्लिश, ५ वेल्श, स्कॉटिश औषधालाही नाही. एकत्र खेळलो तर फिफातली आपली वेगळी चूल विझेल, ही इंग्लंड सोडून बाकी तिघांची, म्हणजे स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांची धास्ती. कर्णधार रायन गिग्ज वेल्सचा. राष्ट्रगीत सुरू झालं की ओठ मिटलेले. उपांत्यपूर्व सामना वेल्सच्याच राजधानीत, कार्डिफला. दक्षिण कोरियाविरुद्ध प्रकरण पेनल्टीवर गेलं आणि इंग्लंडच्या स्टरिजने ती घालवली. वेल्सवाल्यांवर खापर फोडायची सोयही गेली! फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळात मात्र चौघांची चार मतं आजही शाबूत आहेत. तिथे एकजूट करा, असं कुणीच म्हणत नाही.