उणे तीन गुणांचा देश

आर्हुस हे डेन्मार्कमधले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. १९२८ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाच्या पिवळ्या विटांच्या इमारतींत दर सत्राला परदेशी पाहुणे विद्यार्थी येतात. आले म्हणजे ते अस्तित्वात आले, असे मात्र नव्हे. त्यासाठी नागरी नोंदणीचा दहा अंकी सीपीआर क्रमांक लागतो. तो हाती येईपर्यंत डॉक्टर आणि बँक यांच्या लेखी विद्यार्थी जन्मलेलाच नसतो. क्रमांकाचे पहिले सहा अंक जन्मतारखेचेच असतात, हा भाग वेगळा.

पुढचा टप्पा सायकलचा. डेन्मार्क सपाट असल्याची ख्याती विद्यापीठाच्या चढावर धापा टाकते. अंधारात दिवा सक्तीचा, आणि डिसेंबरात पावणेचारच्या सुमारासच सूर्य दुकान आवरतो.

वर्गात प्राध्यापकांना नुसत्या नावाने हाक मारतात. ही समता गुणपत्रिकेपाशी संपते. तिथे १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३ एवढ्याच पायऱ्या. नापासांतही उच्चनीच हवे, म्हणून शून्याच्या खाली तळघर काढलेले आहे.

त्यावरचा उतारा शुक्रवारी विभागातल्याच बारमध्ये मिळतो. रिकामी बाटली परत केली की प्रकारानुसार एक, दीड किंवा तीन क्रोनर सुटतात. ज्याची पिशवी मोठी, त्याचे अंदाजपत्रक शिलकी.

सत्र संपताच सायकल नव्या पाहुण्याला विकली जाते आणि सांस्कृतिक देवाणघेवाण यथासांग पार पडल्याची नोंद होते. डॅनिश मित्र किती झाले, हा रकाना त्या नोंदीत नसतो.